अवकाशीय नियोजनात तत्त्वज्ञानाचे उपयोजन

जमिनीचा वापर, वस्तीची घनता, रस्ते आणि सार्वजनिक सुविधांच्या जागा ठरवताना, म्हणजेच अवकाशीय नियोजनात, न्याय, ज्ञान व सत्ता यांविषयीच्या तात्त्विक विचारांचा पद्धतशीर वापर करणे. आराखड्यातील प्रत्येक निकषामागे एखादे मूल्य गृहीत धरलेले असते; ते उघड करणे हे या उपयोजनाचे मुख्य काम होय.

समजा, सरळ रस्त्यावर 10 किमी अंतराने दोन वस्त्या आहेत. एकीत 900 लोक, दुसरीत 100. आरोग्य केंद्र एकच बांधायचे आहे. सरासरी अंतर कमीत कमी ठेवायचे, तर केंद्र मोठ्या वस्तीत येते. सरासरी 1 किमी भरते, पण 100 जणांना 10 किमी जावे लागते. हा उपयोगितावादी निकष, म्हणजे सर्वांचे मिळून एकूण हित जास्तीत जास्त साधण्याचा. सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर कमी करायचे ठरवले, तर केंद्र मधोमध जाते आणि प्रत्येकाला 5 किमी पडतात. या दुसऱ्या उत्तराला अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या न्यायसिद्धांताचा (1971) आधार दिला जातो, पण तो घाईचा ठरतो. रॉल्स यांचा भर सर्वांत वंचितांवर आहे आणि सर्वांत लांब राहणारे लोक वंचित असतातच असे नाही. त्यामुळे आधी वस्तीनिहाय उत्पन्न, वाहने व अपंगत्व यांची माहिती हवी. ती नसताना मधली जागा निवडली, तर केंद्र कोणालाच सहज पायी गाठता येत नाही.

खर्च-लाभ विश्लेषणात, म्हणजे योजनेचा खर्च आणि फायदा पैशांत मोजून तुलना करताना, असेच गृहीत मूल्य वटाव दरात दडलेले असते; भविष्यातील लाभाचे आजचे मूल्य दरवर्षी किती टक्क्यांच्या हिशेबाने कमी धरायचे, ते हा दर ठरवतो. दर 5 टक्के धरला, तर 50 वर्षांनी मिळणाऱ्या 100 एकक लाभाचे आजचे मूल्य जेमतेम 8.7 उरते. पूरक्षेत्र मोकळे ठेवण्याचा फायदा असा कागदावरच विरतो. पुढच्या पिढ्यांचे हित किती मोजायचे, हे ठरवल्याशिवाय दर निवडू नये. निदान दोन दरांनी हिशेब मांडावा.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांच्या संवादविचारातून सहयोगी नियोजनाची, म्हणजे संबंधित लोकांशी चर्चा करून आराखडा ठरवण्याची, धारा पुढे आली. तिचा कच्चा दुवा म्हणजे सत्ता. डॅनिश नियोजन-अभ्यासक बेंट फ्लूब्जर्ग यांनी डेन्मार्कमधील आल्बोर्ग शहराच्या अभ्यासातून दाखवले, की तर्कसंगत कशाला म्हणायचे हेही बलवान गट ठरवतात. हरकती मागवल्या जातात तेव्हा बहुधा एकच पर्याय शिल्लक असतो आणि सुनावणी उपचारापुरती उरते. म्हणून पर्याय आखण्यापूर्वीच लोकांना बोलवावे, मूळ आकडेवारी खुली करावी आणि फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीचे कारण लेखी द्यावे.