सागरी अभयारण्य आणि जनसुनावणी : मालवणचं उदाहरण

समुद्राचा एखादा तुकडा सरकारला राखून ठेवायचा असेल, म्हणजे अभयारण्य किंवा संवर्धन राखीव वगैरे करायचं असेल, तर त्याआधी तिथल्या लोकांना बोलावून त्यांच्या हरकती आणि सूचना ऐकायच्या, ही सागरी क्षेत्रासाठीची जनसुनावणी. कोकणात हा विषय निघाला की गाडी मालवणवरच येते, कारण महाराष्ट्रातलं पहिलं सागरी अभयारण्य तिथे झालं आणि ते लोकांना न विचारता झालं ही तक्रार अजून मिटलेली नाही.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला घोषित झालं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किमी, त्यातला गाभा, म्हणजे सगळ्यात जपायचा भाग, ३.१८२ आणि बाकीचं २५.९४ चौरस किमी बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. आकडे वाचून काही कळत नाही, पण मालवणच्या जेटीवर उभं राहून बघितलं की लगेच कळतं. समोर सिंधुदुर्ग किल्ला, बाजूला पद्मगड, आणि भरतीला पाण्याखाली जाणारे खडक, हे सगळं गाभ्यात येतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, सीझनमध्ये जेटीवरून होड्यांनी पर्यटकांची ये-जा दिवसभर चालू असते, आणि किल्ला स्वतः पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. म्हणजे ज्याला अभयारण्याचा गाभा म्हणायचं तिथे घरं आहेत, देऊळ आहे, तिकीट आहे आणि होडीवाल्यांचा रोजगार आहे. त्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्री शेवाळं भरपूर, माशांची पिल्लं तिथेच वाढतात, त्यामुळे जागा राखण्यासारखी आहे ह्यात वाद नाहीच. मच्छीमारही ते नाकारत नाहीत. खडकापाशी मासळी का असते हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मग घोडं अडलं कुठे?

कायद्यात काय आहे

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुळात जंगल डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला. १९८७ मध्ये जी तरतूद होती त्यात सरकारने आधी अभयारण्य घोषित करायचं आणि लोकांच्या हक्कांची चौकशी नंतर करायची असा उलटा क्रम होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो बदलला. आता कलम १८ खाली सरकार आधी फक्त आपला इरादा जाहीर करतं, मग कलेक्टरने ६० दिवसांच्या आत स्थानिक भाषेत जाहीरनामा काढून तो त्या भागातल्या आणि आसपासच्या प्रत्येक गावात लावायचा, आणि ज्याचा जमिनीवर काही हक्क असेल त्याने दोन महिन्यांत लेखी दावा द्यायचा. आणि कुणी दावा केलाच नाही तरी सरकारी दप्तरातून आणि जाणकार माणसांच्या साक्षीतून जे हक्क कळतील त्यांचीही चौकशी करा असं कलम २२ कलेक्टरला सांगतं. कलेक्टर दावा मान्य करू शकतो, फेटाळू शकतो, ती जमीन हद्दीतून वगळू शकतो, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी बोलून हक्क चालू ठेवू शकतो. हे सगळं दोन वर्षांत उरकायचं. कागदावर तरी ही चांगली व्यवस्था आहे.

पण ही व्यवस्था समुद्राला लागूच होत नाही. कलम १८ मध्येच लिहून ठेवलंय की राखीव जंगल आणि प्रादेशिक समुद्र (किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा) सोडून इतर क्षेत्रासाठी हा मार्ग. राखीव जंगलाचं एक वेळ समजू शकतं, तिथले हक्क जंगल राखीव करतानाच तपासलेले असतात असं धरून चालतात. समुद्राचे हक्क कोणी कधी तपासले? समुद्रासाठी कलम २६-अ, आणि त्यात सरकार थेट अधिसूचना काढू शकतं. अटी तीन. केंद्राची आधी मंजुरी घ्यायची, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरवायची, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्यासाठी पुरेशी उपाययोजना करायची. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा मार्ग अडत नाही हेही त्याच कलमात स्पष्ट केलंय.

म्हणजे जंगलाशेजारच्या शेतकऱ्याला जाहीरनामा, दोन महिने, दावा, चौकशी, आणि दर्यावर जाणाऱ्याला एक अर्धं वाक्य. ‘पुरेशी उपाययोजना’ म्हणजे काय, कोणाला विचारायचं, कुठल्या गावात बसायचं, किती दिवस द्यायचे, काहीच नाही. नौदलाच्या अधिकाऱ्याशी सल्लामसलत बंधनकारक आणि मच्छीमाराच्या हिताचं फक्त रक्षण करायचं, त्याच्याशी बोलायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या मते सागरी जनसुनावणीचा सगळा घोळ इथून सुरू होतो, बाकीचं नंतरचं आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पेपरात जी जनसुनावणी येते, पोलीस बंदोबस्त, मंडप, घोषणा, जशी २०२४ च्या जानेवारीत पालघरला वाढवण बंदराची झाली, ती वेगळी. ती २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, ३० दिवस आधी नोटीस लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. बंदरासाठी हे सक्तीचं आहे, अभयारण्यासाठी नाही. दुसरीकडे अभयारण्याभोवतीचं इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बाहेरचा संवेदनशील पट्टा, ठरवताना केंद्र मसुदा राजपत्रात टाकून ६० दिवस हरकती मागवतं, पण त्या पत्राने किंवा ईमेलने पाठवायच्या, समोरासमोर काही नाही. आणि राजपत्र कोण वाचतं हो?

दर्याक सातबारो नाय

समजा एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याने ठरवलं की आपण स्वतःहून लोकांना विचारू. तरी पहिला प्रश्न हा की हक्क दाखवायचा कसा. शेताला सातबारा आहे, घराला असेसमेंटचा उतारा आहे, बोटीला लायसन्स आहे, पण समुद्राच्या जागेवर कोणाचं नाव चढलेलं नसतं. आणि तरी तिथे हद्दी असतात.

रापणीचं उदाहरण घ्या. मालवणच्या दांडीपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीने जाळं किनाऱ्यापासून आत अर्धगोल टाकत नेतात आणि दुसऱ्या टोकाला परत किनाऱ्याला आणतात, मग दोन्ही बाजूंनी दोर धरून पंचवीस-पन्नास माणसं ते हळूहळू वर ओढतात, म्हातारे, पोरं, कधी बायका, सुट्टीला आलेला मुंबईकरसुद्धा. बांगडा, तारली, पेडवे जे काय येईल त्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा, आणि ज्याने नुसता हात लावला त्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. कोणाची रापण किनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात लागणार, एकाच जागी दोन संघ आले तर आधी पाळी कोणाची, हे ठरलेलं असतं आणि पाळलंही जातं. भांडणं होतात, ती गावातच मिटतात. ह्यातलं एक अक्षर सरकारी दप्तरात नाही. आता ह्या माणसाला दाव्याचा फॉर्म दिला तर तो हक्काच्या रकान्यात लिहिणार काय? पाळी दर कितव्या दिवशी येते ते?

त्यातून मच्छीमार हा एक गट नाहीच. रापणकर वेगळे, छोट्या होडीतून गिलनेट (पाण्यात उभं सोडलेलं जाळं) टाकणारे वेगळे, बोटीमागे जाळं ओढत नेणारे ट्रॉलरवाले वेगळे, मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले तर आणखीनच वेगळे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन ह्यांचा संघर्ष मालवणने रस्त्यावर बघितलाय, पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले ते ह्याच पार्श्वभूमीवर. ‘मच्छीमार प्रतिनिधी’ म्हणून दोन माणसं खुर्चीवर बसवली की सल्लामसलत झाली असं समजणाऱ्यांनी आधी ती दोघं कुठल्या जाळ्याची आहेत ते विचारावं. रापणकराला आणि गिलनेटवाल्याला अभयारण्यातून फायदाही दिसू शकतो, कारण मोठ्या बोटी बाहेर राहतील, पण तो फायदा त्याला तेव्हाच पटेल जेव्हा त्याचं स्वतःचं जाळं चालू राहणार हे कोणीतरी लिहून देईल. कायद्याच्या कलम २९ मध्ये अभयारण्यातून वन्यजीव काढायला जी बंदी आहे ती वाचल्यावर तो विश्वास ठेवणार कसा? प्रत्यक्षात मालवणला मासेमारी थांबली नाही, १९८७ नंतरही होड्या जातच राहिल्या. त्यामुळे झालं असं की कागदावर अभयारण्य आणि पाण्यात नेहमीचा व्यवहार, दोन्ही एकाच ठिकाणी, आणि कधीतरी कायदा कडक लागू होईल ही टांगती तलवार कायम.

मासे विकणाऱ्या बायका तर ह्या चित्रात दिसतच नाहीत. संध्याकाळी लिलावात मासळी घेऊन दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार गाठणारी बाई बोटीवर नाही म्हणून ती मच्छीमारांच्या यादीत नाही, पण खडकाजवळची मासळी बंद झाली तर पहिला धंदा तिचा बसणार. स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंगवाली पोरं हा त्यातला नवा गट. त्यातली बरीच मच्छीमारांच्याच घरातली, किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना प्रवाळ दाखवतात. प्रवाळावर पाय देणं, नांगर तिथेच टाकणं, हे प्रकार होतात आणि त्यांनाही ते माहीत आहे. त्यांचं पोट त्या प्रवाळावरच आहे, म्हणून नियम ठरवायला ती सगळ्यात उपयोगी माणसं आहेत, मात्र त्यांच्या धंद्याला कायदा ‘हक्क’ म्हणत नाही.

तारीख आणि जागा

आता एक बारीक वाटणारी पण निर्णायक गोष्ट. बैठक कधी आणि कुठे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढून झाकलेल्या, माणसं घरी, जाळी दुरुस्त करत बसलेली. तेव्हा बोलावलं तर लोक येतात. ऑगस्टमध्ये सीझन उघडल्यावर सकाळी ११ ची वेळ ठेवली तर समोर रिकाम्या खुर्च्या आणि इतिवृत्तात ‘हरकत प्राप्त झाली नाही’. बैठक ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, कलेक्टर ऑफिसात ठेवली तर मालवणहून जायचं-यायचं म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडाला, तीच दांडीच्या देवळात किंवा शाळेत ठेवली तर अर्धा गाव येतो. नकाशा अक्षांश-रेखांशात लावून ठेवला तर कोणाला कळणार, तिथे अमका खडक, तमकी खाडी असं लिहावं लागतं. मालवणच्या खडकांना मच्छीमारांची स्वतःची नावं आहेत, जीपीएस येण्याआधीपासून किनाऱ्यावरचं देऊळ आणि डोंगराचं टोक एका रेषेत धरून ते जागा ओळखतात, आणि ती नावं नकाशावर आली की निम्मी भीती तिथेच कमी होते, कारण नक्की काय बंद होतंय आणि काय नाही ते दिसतं. नाहीतर अफवा पसरतात. घर दुरुस्त करायला वनखात्याची परवानगी लागणार, किल्ल्यावर जायला पास लागणार, होड्या जप्त होणार. अफवेला उत्तर द्यायला वेळेवर कोणी नसलं की ती खरीच वाटते.

नंतरचे प्रयत्न

मालवणात नंतर वेगळ्या वाटेने काम झालं. २०१२ च्या आसपास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक जैवविविधता प्रकल्प सुरू झाला, कांदळवनं (खारफुटी) सांभाळणारा राज्याचा कांदळवन कक्षही त्याच सुमाराचा. ह्या प्रकल्पाने हद्दीवर भांडण्यापेक्षा धंद्यातून सुरुवात केली. ट्रॉलच्या जाळ्याला चौकोनी आस (जाळ्याचं भोक) लावायचा म्हणजे लहान पिल्लं निसटून जातात, खाडीत खेकडे आणि कालवं वाढवायची, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायकांनी चालवलेली कांदळवन सफर, असं बरंच काही. अभयारण्याच्या नावाने जे लोक बैठकीला आले नसते ते खेकड्याच्या नावाने आले, हे मला त्यातलं शहाणपण वाटतं. त्याआधी २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मालवण आणि आचरा-रत्नागिरी ही नावं अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आली, आणि तिथे मात्र स्थानिक मच्छीमार व इतर लोकांशी सल्लामसलत करूनच असं क्षेत्र घोषित करायचं हे स्पष्ट लिहिलंय.

वन्यजीव कायद्यातही २००३ पासून एक मऊ पर्याय आहे, संवर्धन राखीव. कलम ३६-अ मध्ये सरकारी मालकीचं क्षेत्र राखीव करण्याआधी स्थानिक समुदायांशी सल्लामसलत करायची असं थेट म्हटलंय आणि पुढे व्यवस्थापन समितीत गावाचे प्रतिनिधीही असतात. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किमीचं डुगाँग (समुद्री गाय) संवर्धन राखीव केलं ते ह्याच वाटेने.

बाहेरच्या देशांतलं एक उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफचे झोन नव्याने आखताना आधी लोकांकडून सूचना मागवल्या, मग मसुदा नकाशा काढला आणि त्यावर पुन्हा सूचना मागवल्या. दोन्ही फेऱ्या मिळून ३१ हजारांवर निवेदनं आली, आणि नकाशाच्या रेषा खरंच हलल्या. १ जुलै २००४ पासून मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग साधारण साडेचार टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेला. तिथेही मच्छीमार खूश नव्हते, भरपाईवरून पुढे बरंच काही झालं, पण आम्हाला विचारलंच नाही असं म्हणणं अवघड झालं.

महाराष्ट्रात पुढचा प्रश्न आंग्रिया बँकचा आहे. विजयदुर्गपासून साधारण १०० किमी बाहेर समुद्रात बुडालेला हा प्रवाळांचा पठारी भाग, कान्होजी आंग्रेंच्या नावाचा. तो १२ सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे वन्यजीव कायदा तिथे पोचत नाही, म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने तो ‘निर्दिष्ट क्षेत्र’ करावा असा प्रस्ताव राज्याने २०२० मध्ये पुढे आणला. ह्या कायद्यात गावात लावायचा जाहीरनामा नाही की दावे घेणारा कलेक्टर नाही. मच्छीमारांच्या हिताचं वन्यजीव कायद्याच्या कलम २६-अ मध्ये जे अर्धं वाक्य आहे, तेही इथे नाही. आंग्रियाच्या जवळ गावच नाही, तिथपर्यंत जातात त्या मोठ्या यांत्रिक बोटी, वेगवेगळ्या बंदरांतल्या, त्यामुळे हरकती मागवायच्याच ठरल्या तर नोटीस कुठल्या बंदरात लावायची इथपासून ठरवावं लागेल.