वांग्याच्या वाफ्यात वाळू कशाला?

परसबागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एक सल्ला फिरत होता: 'माती चिकट आहे? वाफ्यात दोन पाट्या वाळू मिसळा!' लिहिणाऱ्याने सांगली-मिरजेची काळी माती जुलैत चपलेखाली थापी धरताना आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळताना पाहिलेली नसावी. तिच्यात थोडीशी वाळू म्हणजे मळलेल्या कणकेत शेंगदाणे. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल, आणि तेवढ्या पैशांत वर्षभराची वांगी विकत येतील.

खरी भानगड मातीच्या कणात आहे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक. बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाड. त्यांत काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून पापुद्र्यावर ऋण भार उरतो. ऋण भारांचे शेजारी एकमेकांना ढकलणारच. त्यांना धरून ठेवतात मधले धन आयन. तिथे दोन भारांचा कॅल्शियम असेल, तर पाणी शिरूनही पापुद्रे थोडेच फाकतात, जुडी सुटत नाही. सोडियमचा भार एकच, त्याची पकड ढिली. पापुद्रे सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि खाली बसताना मातीतली छिद्रं बुजवतात. वाळवा-मिरज भागात उसाला वारेमाप पाणी देऊन चोपण झालेल्या, म्हणजे सोडियम साचून घट्ट बसलेल्या, रानांचं दुखणं हेच.

घरी तपासता येतं. सुकं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. (बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात.) ढेकूळ नुसतं ढासळलं, पाणी नितळच राहिलं, तर माती सेंद्रिय खताला भुकेली आहे. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही निवळला नाही, तर सोडियम. अशा ठिकाणी जिप्सम कामाचं: त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि पाणी त्याला खाली वाहून नेतं, अर्थात निचरा असेल तरच. एरवी काळ्या मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम, मुबलक असते. तिथे जिप्समचं पोतं वाया.

आठ दिवसांत माती भुसभुशीत करणाऱ्या जादुई बाटल्यांवर शाई खर्चत नाही. कुजलेलं शेणखत किंवा पाचटाचं खत घाला. त्यावर पोसणारे जिवाणू आणि बुरशी आपल्या चिकट द्रव्यांनी, तंतूंनी कण बांधून माती रवाळ करतात. आपल्या उन्हात खत झपाट्याने संपतं, म्हणून दरवर्षी घालावं लागतं. गादीवाफे करा आणि कुदळ वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावरच, मारा. ओल्यात मारलीत तर ढेकळं दिवाळीपर्यंत फुटायची नाहीत.