मराठीत रॅप बॅटल एवढी उशिरा का आली?

गली बॉय हा सिनेमा 2019च्या फेब्रुवारीत आला आणि बऱ्याच लोकांना वाटलं मुंबईत रॅप तिथूनच सुरू झाला. तसं नाहीये. त्याच्या कितीतरी आधी पोरं ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर बॅटल करायची, म्हणजे रॅपमधून एकमेकांची उतरवायची, आणि ती पण चक्क टाइप करून. इन्सिग्निया नावाची कम्युनिटी होती, एकाने वर्स (म्हणजे कडवं) लिहायचा, दुसऱ्याने खाली उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी मतं द्यायची, मग पुढे मिळेल त्या माइकवर रेकॉर्ड करून ऑडिओ टाकायला लागले. बहुतेक सगळं इंग्लिशमध्येच, कारण कानावर पडलेलं सगळं अमेरिकन, आणि तेव्हा घरी नेट असणारी पोरं पण इंग्लिशवालीच.

गल्लीची भाषा नंतर आली. डिव्हाइन हा रॅपर अंधेरीच्या जे. बी. नगरचा, शाळेतल्या मित्राच्या टीशर्टवरच्या फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरवरून त्याला हा नाद लागला, आणि सुरुवातीला तोही इंग्लिशमध्येच करायचा. मग 2013ला 'ये मेरा बॉम्बे', 2014ला कुर्ल्याच्या नेझीचं आयपॅडवर शूट केलेलं 'आफत', 2015ला दोघांचं 'मेरे गली में'. सगळं बंबईया हिंदीत. आता यावर आपले लोक लगेच मराठीची गळचेपी वगैरे सुरू करतात, पण बॅटलचं गणित बघा ना. पंच, म्हणजे टोला मारणारी ओळ, टाकल्यावर एका सेकंदात घोळक्याला तो कळायला पाहिजे, नाहीतर मेला. सायफरमध्ये, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करतात त्या घोळक्यात, कुर्ला, धारावी, अंधेरीची पोरं, कोणाच्या घरी उर्दू, कोणाच्या तमिळ, कोणाच्या गुजराती, कोणाच्या कोकणी. तिथे मराठीतला श्लेष अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून जाणार. हिंदी जिंकणारच होती.

गंमत म्हणजे समोरासमोर उभं राहून एकमेकांची उतरवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. शाहिरीतला कलगी-तुरा घ्या, कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या, डफ-तुणतुणं घेऊन कोडी घालायची आणि समोरच्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच सोडवायची. कोकणात शक्ती-तुरा अजून जोरात चालतो. आणि सिंधुदुर्गातली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तर बघाच, नाव भजनाचं, पण एक बुवा गजरात दुसऱ्याला असा चिमटा काढतो की पुढच्या बारीत त्याला उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. रॅपवाले ज्याला रिबटल म्हणतात ते हेच, समोरच्याचीच ओळ उचलायची आणि त्याच्यावर उलटवायची. पण म्हणून रॅप हा शाहिरीचा नातू आहे असं जे हल्ली सर्रास लिहितात ते मला पटत नाही. ही पोरं डबलबारी ऐकून बॅटलला आली नाहीत, यूट्यूब बघून आली. शाहिरीशी नातं नंतर मुद्दाम जोडलं गेलं, आणि ते जोडणारे मुख्यतः राजकीय गाणी करणारे.

त्यात स्वदेसी हा मुंबईचा ग्रुप महत्त्वाचा. एमसी मवाली, मराठीत करणारा महार्या, गुजरातीत करणारा तोडफोड (तो 2022च्या मार्चमध्ये अवघ्या 24व्या वर्षी गेला). आरेच्या जंगलासाठी यांनी तिथल्याच पाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. याच ग्रुपमधला 100 आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत जे रॅप व्हायचं ते मला नेहमी जाहिरातीसारखं वाटायचं, याच्या वऱ्हाडीत मात्र शिवी न देता पण धार आहे. 2023ला तो एमटीव्ही हसल या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेत दिसला आणि मग घराघरात पोचला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या राज मुंगासेवर खोक्यांच्या राजकारणावरच्या रॅपमुळे अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, गाण्यात कोणाचंच नाव नव्हतं तरी. म्हणजे मराठी रॅपची सगळ्यात गाजलेली भांडणं झाली ती सरकारशी, समोरच्या रॅपरशी नाही. सायफरमध्ये आजही बहुतेक हिंदीच चालते, मध्येच एखादा चार बार (ओळी) मराठीत टाकतो आणि ज्यांना कळलं ते मागून बोंबलतात.