बैलाचं न खाण्याचा दिवस

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात विळीपाशी भाज्यांचा ढीग पडायचा. काळ्या देठाचं अळू, लाल माठ, भेंडी, शिराळी, पडवळ, लाल भोपळ्याची फोड, सुरणाचा गड्डा, चवळीच्या शेंगा, मक्याची दोन-तीन कणसं. सगळं मिळून एकाच पातेल्यात शिजायचं. हीच ऋषिपंचमीची भाजी. आजी तिला फोडणी देत नसे. का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "तेलाचा घाणा बैल ओढतो."

परसातल्या ताज्या भाजीवर दूध-तुपाविना स्वयंपाक करणारे व्हीगन लोक आता पुण्या-मुंबईतही पुष्कळ आहेत. त्यांच्या पाककृती वाचताना मला दर वेळी हे पातेलं आठवतं. पानात वाढलेल्या घासासाठी कुठलं जनावर राबलं, हा प्रश्न मराठी स्वयंपाकघराने वर्षातून एक दिवस का होईना, पण फार पूर्वीपासून विचारलेला आहे.

तो आला कुठून, हे पाहायचं तर नांगरापर्यंत मागे जावं लागतं. वानप्रस्थाने काय खावं, याचे नियम मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहेत. फाळाने नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं त्याने खाऊ नये, कुणी टाकून दिलेलं असलं तरी खाऊ नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अशा न नांगरता पिकणाऱ्या अन्नाला संस्कृतात 'अकृष्टपच्य' असा शब्दच आहे. नीवार हा आपोआप उगवणारा भात त्यातलाच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचं कळतं, ते झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे पाहून. ऋषींचं अन्न म्हणजे नांगराबाहेरचं अन्न, ही खूण इतकी पक्की होती.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शेतीबद्दल आणखी एक वाक्य आहे. लोखंडी तोंडाचं लाकूड, म्हणजे नांगर, जमिनीला आणि जमिनीतल्या जीवांना मारतो, म्हणून ही वृत्ती सज्जनांनी निंदलेली आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य वाचून हुरळून जाऊ नये. ते ब्राह्मणाने शेती टाळावी म्हणून लिहिलेलं आहे. शेती करायची कुणी तरी दुसऱ्याने, तिचा दोषही त्यानेच घ्यायचा, असा त्याचा व्यवहारातला परिणाम. १९२७ साली महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्यामागची कारणं अशाच वाक्यांत आहेत. तरीही गांडुळापर्यंत गेलेली ती नजर मला विसरता येत नाही.

ऋषींचा हा आहारनियम घरातल्या बाईच्या व्रतात कसा उतरला, ते कहाणी सांगते. एका ब्राह्मणाच्या बायकोने विटाळ पाळला नाही, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल झाला. दोघं आपल्याच मुलाच्या घरी येऊन पडली. श्राद्धाचा दिवस होता. खिरीच्या भांड्यात सापाने गरळ टाकलेलं कुत्रीने पाहिलं, आणि ब्राह्मण मरतील म्हणून तिने भांडं विटाळलं. सुनेने जळतं कोलीत घेऊन तिला मारलं. बैल दिवसभर जुवाखाली राबून, उपाशीपोटी गोठ्यात आला. रात्री दोघं एकमेकांना दुःख सांगत असताना मुलाने ते ऐकलं. आपण ज्याला दिवसभर हाकलं तो आपला बाप आहे, हे त्याला कळलं. तो रानात ऋषींकडे गेला, आणि त्यांनी त्याला हे व्रत सांगितलं. पंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासावेत, स्नान करावं, अरुंधतीसह सप्तर्षींची पूजा करावी, आणि बैलाच्या श्रमाचं काही खाऊ नये.

व्रताच्या मुळाशी पाळीचा विटाळ आहे. तो भाग आजच्या बाईने का सोसावा, असं मला वाटतं, आणि कित्येक घरांनी तो सोडलाही आहे. पण कहाणीचा जीव मला बैलाच्या बोलण्यात दिसतो. ज्याच्या मानेवर जू ठेवलं तो आपल्या रक्ताचा निघतो, ही कल्पना ज्या कुणी केली, त्याने गोठ्यात उभं राहून बैलाचे डोळे पाहिलेले असणार.

यातली तिथीही पाहण्यासारखी आहे. पोळा श्रावणी अमावास्येला असतो. त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात, आणि त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तिथून पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे हा धागा सगळीकडे सारखा जुळत नाही. पण जिथे पोळा होतो तिथे एकाच आठवड्यात आधी बैलाला सुट्टी मिळते आणि मग त्याच्या घामाचं अन्न ताटातून बाहेर राहतं.

आता नियम कागदावर सोपा वाटतो, पण जुन्या गावात तो पाळायचा म्हणजे काय काय गळून पडत होतं, ते पाहा. गहू, ज्वारी, तूर, सगळं नांगराखालचं. तेल घाण्याचं. गूळही गेला, कारण उसाचा चरखा बैल फिरवायचे. मोटेच्या पाण्यावरचा मळाही गेला, कारण मोट बैलच ओढत. उरलं ते घराच्या मागचं परस, जिथे कुदळ चालते आणि पाणी आभाळातून येतं. भाद्रपदात परसाला मोटेची गरजच नसते. म्हणून हे व्रत दुसऱ्या कुठल्या महिन्यात असतं तर निभावलं असतं की नाही, याची मला शंका आहे.

धान्याचीही सोय होती. कोकणात डोंगरउताराच्या वरकस जमिनीत वरी आणि नाचणी कुदळीने होते, तिथे औत चढत नाही. म्हणून या दिवशी वरीचा भात. काही ठिकाणी पाणथळीत आपोआप येणारा देवभात राखून ठेवत, तो खरा नीवाराचा वारस.

परसातल्या वेलींचा हिशेब मृगापासून सुरू होतो. जूनच्या पहिल्या पावसात पडवळ, दोडका, काकडी यांच्या बिया आळ्यात टाकायच्या, वर मांडव घालायचा. दोन-अडीच महिन्यांत वेली लागतात, म्हणजे बरोबर भाद्रपद. पडवळ वेडंवाकडं वळू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात. पावसात मांडवाखाली उभं राहिलं की ते दगड डोक्याला लागायचे. अळू न्हाणीच्या पाण्यावर वाढायचं, त्याला मुद्दाम कुणी लावल्याचं मला आठवत नाही. भोपळा बहुतेक वेळा उकिरड्यावर स्वतःच रुजलेला असायचा आणि गोठ्याच्या छपरावर चढायचा.

उकिरडा म्हटला की शेणखत आलंच. इथे एक गाठ आहे. बैलाचे कष्ट वर्ज्य, पण गोठ्यातलं शेण आळ्यात चालतं. परंपरेने हा प्रश्न विचारलाच नाही. काही घरांत तर भाजी उतरवताना आंबट ताकही घालतात. त्यामुळे ऋषीची भाजी म्हणजे घरोघर व्हीगन भाजी, असं सरसकट म्हणणं खोटं ठरेल. ताकाऐवजी चिंच किंवा अंबाडे घालणारी घरं मात्र पुष्कळ आहेत, आमचं त्यातलं.

आंबट घालण्याचं कारण अळू आणि सुरण. दोन्हींत ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. चिंचेच्या कोळात नीट शिजलं की खाज मोडते. आधी कणसाचे तुकडे, सुरण आणि भिजवलेले शेंगदाणे शिजत टाकायचे, कारण त्यांना वेळ लागतो. मग देठं, भोपळा, शेंगा. पालेभाजी आणि पडवळ शेवटी. हिरवी मिरची मोडून, मीठ, चिंच, आणि उतरवताना मूठभर नव्हे, चांगलं वाटीभर ओलं खोबरं. तेलाची उणीव ते खोबरंच भरून काढतं. हळद नाही, मोहरी नाही, गोडा मसाला नाही. पहिला घास मिळमिळीत लागतो, दुसऱ्या घासाला भोपळ्याचा गोडवा आणि अळूचा मऊपणा वेगवेगळा कळायला लागतो. गोव्यात चवथीच्या दिवसांत होणारं खतखतं हिचं जवळचं भावंड, पण त्यात तूरडाळ असते, तिरफळं असतात, आणि बैलाचा नियम नसतो.

ऋषींच्या नावाच्या या पातेल्यात मका, मिरची, लाल भोपळा आणि शेंगदाणे, ही चारही मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात अशी पिकं आपल्याकडे रुजली. कुठल्याही ऋषीने मिरची चाखलेली नव्हती. व्रत करणाऱ्या बायकांनी मात्र ती बिनदिक्कत आत घेतली. त्यांची कसोटी भाजी किती जुनी ही नव्हती, ती कुणाच्या कष्टाने आली एवढीच होती. ही मोकळीक मला फार शहाणपणाची वाटते.

व्हीगन हा शब्द घडला तो यापासून फार लांब, इंग्लंडमध्ये, १९४४ च्या नोव्हेंबरात. डोनाल्ड वॉटसन हे सुतारकामाचे शिक्षक आणि त्यांचे मोजके सोबती यांनी दूधही सोडणाऱ्या शाकाहाऱ्यांची वेगळी संस्था काढली. वॉटसन यांनी लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिलं होतं, त्यातून त्यांनी मांस सोडलं. तिथली ठिणगी दुधाची होती, इथली नांगराची. पण १९४९ मध्ये लेस्ली क्रॉस यांनी संस्थेला नीट व्याख्या हवी असा आग्रह धरला आणि जनावरांना माणसाच्या शोषणातून सोडवणं हे तत्त्व मांडलं. पुढे ते उलगडून सांगताना अन्न, वस्तू, शिकार यांच्या जोडीला 'काम' हा शब्दही आला. म्हणजे बैलाच्या जुवापर्यंत तेही पोचले. वॉटसन यांचा स्वतःचा भाजीचा मळा होता. जमीन खणताना ते फावड्याऐवजी दातांचा काटा वापरत, गांडुळं तुटू नयेत म्हणून. आता तिकडे शेणखतही न वापरता, हिरवळीच्या खतावर भाजी पिकवणारे गट आहेत. आपल्या परसाने न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

आज ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मंडईत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात, चिरून पिशवीत भरलेलेसुद्धा. त्या शेतात बहुधा ट्रॅक्टर फिरलेला असतो, म्हणजे अक्षरशः पाहिलं तर बैलाचा नियम मोडत नाही. पण मिळतं तेच घ्यावं लागतं, आणि वाट्यातलं पडवळ दर वर्षी एकाच जातीचं निघतं. ज्यांच्या परसात चार-पाच प्रकारचे वाल, घेवडे, दोडके होते, त्यांची बियाणी या काळात गेली. ती राखण्याचं काम अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी केलं. गावठी बियाणी मडक्यांत, राखेत ठेवून त्यांनी बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवात घरच्या परसबागेतूनच झाली.

आमच्याकडे वेलीवरचं एक चांगलं पडवळ हेरून त्याला लाल दोरा बांधलेला असे. ते बियाण्याचं. पंचमीला मांडवावरची सगळी पडवळं उतरली, भाजीला एखादं कमी पडलं, तरी त्या दोऱ्याच्या पडवळाला कुणी हात लावत नसे.