मालवाहतूक व जोडधंदे, बेळगाव सीमाभाग

मालवाहतूक व जोडधंदे, बेळगाव सीमाभाग : माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, वाटेत साठवणे, त्याची कागदपत्रे सांभाळणे हा व्यवहार आणि त्याच्या आधाराने उभे राहिलेले इतर धंदे. हल्ली या सगळ्याला मिळून लॉजिस्टिक्स म्हणतात. जुन्या मराठीत ठरल्या रकमेत माल पोचवण्याची जबाबदारी अंगावर घेणाऱ्याला हुंडेकरी म्हणत. हुंडेकऱ्याच्या मालकीचे बैल किंवा गाड्या असायलाच हव्यात असे नव्हते. त्याचे भांडवल म्हणजे ओळख आणि शब्द. महामार्गावरच्या दहा बाय दहाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आजही बहुधा एक टेबल, दोन मोबाइल आणि बिल्टीबुक (माल ताब्यात घेतल्याच्या पावत्यांचे पुस्तक) एवढेच असते, गाड्या दुसऱ्यांच्या असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी हा पट्टा घाटमाथा आणि दख्खनच्या पठाराच्या सांध्यावर आहे. पुणे–बेंगळुरू महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ४) निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जातो. गोव्याकडे खानापूर–अनमोडमार्गे एक आणि जांबोटी–चोर्ल्यामार्गे दुसरा रस्ता उतरतो. रेल्वेमार्ग मिरज–कुडची–घटप्रभा–बेळगाव–लोंढा असा असून निपाणीला तो शिवतही नाही. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरून वेंगुर्ला बंदरात जाई. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आली, लोंढ्याहून गोव्यातल्या मुरगाव बंदराची वाट खुली झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला.

वाहतुकीतून नवा धंदा कसा निघतो, हे समजायला ‘परतीचे भाडे’ ही एकच गोष्ट नीट पाहिली तरी पुरते. गाडी भरून गेली आणि रिकामी आली, तर जाण्याच्या भाड्यातच दोन्ही बाजूंचे डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता बसवावा लागतो. परतीला अर्धे भाडे मिळाले तरी ते जवळजवळ निव्वळ हाती राहते. म्हणून रिकामी गाडी कुठे उभी आहे हे ज्याला आधी कळते, त्याला बाजारात स्वस्त भाड्याचा माल उचलता येतो आणि पुढे तो स्वतःच त्या मालाचा व्यापारी होतो. ऊस टाकून परतणाऱ्या ट्रॉलीत कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेला, खतासारखा वापरायचा गाळ) भरून शेतात आणणे हे त्याचे अगदी घरगुती रूप.

गोव्याची भाजी बऱ्याच अंशी बेळगावच्या बाजारातून जाते. कोबी, फ्लॉवर, मिरची, गाजर, बटाटा रात्री भरला जातो आणि सकाळी म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारात असतो. एका गाडीत दहा-वीस गिऱ्हाइकांचा माल असतो. पोत्यांवर रंगाने खुणा केलेल्या असतात आणि जो शेवटी उतरायचा तो आधी भरतात. ही रचना ज्या हमालाला चांगली जमते, त्याला बाजारातले अडते (दलाल) त्याच्या नावाने हाक मारून बोलावतात. या धंद्यात परतीचे भाडे मात्र अवघड. गोव्याहून बेळगावला मासळी येते, पण भाजीच्या गाडीत ती भरली की दुसऱ्या दिवशी कोबीलाही वास लागतो, त्यामुळे मासळीच्या गाड्या वेगळ्या. पावसाळ्यात चोर्ल्यात दरड आली किंवा अवजड गाड्यांना तिथे बंदी झाली, की अनमोडचा फेरा पडतो. तेवढ्या तासांत फ्लॉवर पिवळा पडतो आणि नुकसान कोणाचे यावर वाद होतो. शीतगृह, प्रतवारी, क्रेट भाड्याने देणे या कामांना इथे खरी जागा आहे. गोणपाटातून भाजी नेण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

उसात वाहतूक आणि पतपुरवठा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. तोडल्यापासून उसातली साखर घटू लागते, त्यामुळे फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतचा (जिथे ऊस गाळपासाठी टाकतात) प्रत्येक तास पैशाचा. ट्रॅक्टरमालक बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतो, कारखान्याशी करार करतो आणि तोडणीच्या टोळीच्या मुकादमाला हंगामाआधीच उचल (आगाऊ रक्कम) देतो. नावाला तो वाहतूकदार. प्रत्यक्षात मजूर पुरवणारा ठेकेदारही तोच आणि बिनव्याजी सावकारही तोच. टोळी आलीच नाही तर उचल बुडते आणि ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. सीमाभागातल्या अनेक घरांनी हा फटका खाल्ला आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या ऊसदरातून कापला जातो, म्हणून कारखाना लांबचा असला की बिल हलके होते. उसाला राज्याची सीमा फारशी कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ऊस परराज्यात नेण्यास बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ती काही दिवसांतच मागे घेतली. साखरेच्या मागोमाग मळी आणि इथेनॉलचे टँकरही रस्त्यावर आले. ज्वलनशील मालाचा परवाना आणि प्रशिक्षित ड्रायव्हर लागत असल्याने ही वाहतूक साध्या ट्रकवाल्याच्या हातची नाही.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातले ओतकाम व यंत्रकाम कारखाने दुसऱ्या टोकाला आहेत. इथे मालाचे वजन मोठे आणि नफ्याची फट बारीक. भट्टीतून निघालेला सुटा भाग फेटलिंगला (ओतीव भागाच्या कडा घासून साफ करायला) एका शेडमध्ये, मशीनिंगला दुसऱ्या, कधी चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला म्हणजे सीमेपलीकडे, तर कधी कोल्हापूरला जातो आणि मग पुण्याच्या वाहन उद्योगाकडे रवाना होतो. जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून मजुरीने काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून चलन (मालासोबतची पाठवणी-पावती) सांभाळणारा कारकून कारखान्यात टर्नरइतकाच महत्त्वाचा. पुण्याचे कारखाने साठा ठेवत नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागतात. याचा अर्थ साठा नाहीसा होत नाही, तो रस्त्यावर येतो आणि त्यात अडकलेला पैसा बेळगावच्या लहान कारखानदाराचा असतो. माल उतरल्याची सही, म्हणजे पोच, आल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. पोच हरवली की महिना गेला. पोच मोबाइलवर मिळवून देणे, बिलावर पैसे उभे करून देणे, वाटेतल्या मालाचा विमा उतरवणे ही कामे याच फटीतून निघाली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. बेळगावच्या कारखानदाराला तो पाठ असतो, पण मोठ्या गिऱ्हाइकाला त्याची आठवण करून द्यायला त्याची जीभ रेटत नाही.

वाहन उद्योगात एकच गाडी अनेक पुरवठादारांकडे फिरून थोडा थोडा माल गोळा करते, त्याला ‘मिल्क रन’ म्हणतात. चिकोडी–निपाणी भागात दुधाची गाडी हेच काम रोज दोनदा करते, तेही नावाशिवाय.

बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एकस (Aequs) विशेष आर्थिक क्षेत्रात याच्या उलट वाट धरली गेली. विमानाच्या भागांचे फोर्जिंग, मशीनिंग आणि पृष्ठभाग प्रक्रिया एकाच आवारात आणून भागांचा शहराशहरांतला प्रवासच कमी केला. वाहतूक टाळणे हाही वाहतुकीचाच विचार आहे.

निपाणीचा तंबाखू आणि विडीधंदा गल्लीबोळांतल्या वाहतुकीवर चालतो. तेंदूपान बाहेरून येते, पान-तंबाखू घरोघर बायकांना वाटला जातो आणि वळलेल्या विड्या मोजून परत घेतल्या जातात. रस्ता किती मोलाचा हेही याच गावाने दाखवले. १९८१ मध्ये शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी इथे महामार्ग रोखून धरला. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले.

सीमा हा स्वतंत्र खर्चही आहे आणि धंदाही. निपाणीजवळ राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या विक्रीकर नाक्यावर पूर्वी ट्रकांच्या रांगा लागत आणि कागद पुढे सरकवून देणाऱ्या एजंटांची घरे त्यावर चालत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके उठले आणि ते एजंटही गेले. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरच्या आंतरराज्य मालाला ई-वे बिल (माल नेताना लागणारे ऑनलाइन कागदपत्र) लागू झाले. आता तीच कामे झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा हिशेबनीस करतो. बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. घाटात गाडी बिघडली तर मुदत वाढवायला रात्री अकरालाही त्याला फोन जातो. डिझेल जीएसटीबाहेर असल्याने दोन राज्यांत दर वेगळे राहतात आणि स्वस्त बाजूला टाकी भरायची हा ड्रायव्हरांचा शिरस्ता.

सीमावाद पेटला की हे सगळे कोलमडते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्ही बाजूंच्या एसटी फेऱ्या थांबल्या. तेव्हापासून केए २२ (बेळगाव) आणि एमएच ०९ (कोल्हापूर) अशा दोन्ही नोंदणीच्या गाड्या हाताशी असलेल्या मालकाकडे घाईचा माल आधी जातो. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती कोकणी बोलणारा डिस्पॅच कारकून इथे सहज मिळतो. ही या भागाची खरी जमेची बाजू, पण कोणत्याही उद्योगधोरणात तिचा उल्लेख आढळत नाही.

पार्सलच्या धंद्यात शेजारच्या जिल्ह्यांचा दाखला देता येतो. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू केलेली व्हीआरएल ही मालवाहतूक कंपनी पुढे हुबळीहून देशभर पसरली. पूर्ण गाडी भरेल एवढा माल नसलेल्या दुकानदारांची सुटी पोती एकत्र करणे, हे तिचे मूळ काम. अथणीच्या चपलांना नेमकी याच सोयीची गरज होती. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळाले आणि बेळगाव त्यात आहे. त्याआधी अथणीचा कारागीर माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला देई आणि चप्पल तिथल्या नावाने विकली जाई. आता काही कारागीर जोड खोक्यात बांधून, वर पत्ता चिकटवून थेट गिऱ्हाइकाला पाठवतात. माप चुकले की जोड परत येतो आणि येण्याजाण्याचे दोन्ही भाडे कारागिराच्या अंगावर पडते.