रक्तनमुना संकलनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम : प्रवेश घेण्यापूर्वी वाचावे

ठाण्याच्या नौपाडा भागातील आमच्या लहान प्रशिक्षण संस्थेत चौकशीसाठी येणारे पालक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात की, हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आमची मुलगी लॅब टेक्निशियन होईल का. फी भरण्याआधीच याचे स्पष्ट उत्तर मिळावे, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

केवळ या प्रमाणपत्रावर ती लॅब टेक्निशियन होणार नाही. लॅब टेक्निशियनसारख्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात, अशा व्यावसायिकाकडे किमान 2000 तासांची आणि दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारी पदविका अथवा पदवी असावी, असे म्हटले आहे. आमचा अभ्यासक्रम काही महिन्यांचा असून त्यात रुग्णाचे रक्त योग्य रीतीने काढणे, नळीवर नाव व क्रमांक लिहिणे आणि नमुना सुस्थितीत प्रयोगशाळेत पोहोचवणे एवढेच शिकवले जाते. ज्यांना पुढे नमुने तपासण्याचे काम करायचे आहे आणि ज्यांची बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे, त्यांना आम्ही डीएमएलटीचा, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेचा, विचार करण्यास सांगतो, मग तो विद्यार्थी आमच्याकडे आला नाही तरी चालेल.

मात्र हे काम हलके आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. एकाच रुग्णाचे रक्त अनेक नळ्यांत घ्यायचे असेल, तर नळ्यांचा क्रम ठरलेला असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. ती आधी भरली आणि तिच्यातील अंश पुढच्या सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) नळीत गेला, तर पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते, आणि त्या आकड्यांवर विसंबून डॉक्टर नको ते उपचार सुरू करू शकतात. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन असते; तिच्यात 9 भाग रक्तास 1 भाग सायट्रेट हे प्रमाण राखावे लागते; नळी अर्धवट भरल्यास रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल चुकतो. दंडावर बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा अधिक काळ आवळलेला ठेवू नये, हा नियम तर विद्यार्थ्याच्या हाताला वळणच पडावे इतक्या वेळा आम्ही गिरवून घेतो.

उपाशीपोटी द्यायचे नमुने सकाळी घेतले जात असल्याने प्रात्यक्षिकेही सकाळीच असतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथून लोकलने येणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरील लसीचे तीन डोस साधारणपणे 0, 1 आणि 6 महिन्यांनी घेतले जातात, म्हणून पहिला डोस प्रवेशाआधीच घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. वापरलेली सुई पुन्हा टोपण न लावता थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची असते.

आमच्याकडे असो वा अन्यत्र, प्रवेश घेण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे आहे, प्रत्यक्ष रुग्णांचे रक्त कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली काढायला मिळेल आणि मध्येच शिक्षण सोडल्यास किती फी परत मिळेल, हे लेखी मागावे. आम्ही ते पावतीसोबतच देतो.