टोपीवरचे तीन ठिपके आणि कोसाइनचा आळस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांना लढाऊ विमानांच्या आवाजाचे अप्रूप उरलेले नाही, कारण महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५ पासून मिराज २००० विमाने आहेत. याच घरांतली मुले आता संगणकावर डीसीएस वर्ल्डसारख्या सिम्युलेटरमध्ये मिराज २०००सी उडवतात, आणि त्यांतल्या काहींच्या टोपीवर किंवा हेडफोनवर हेड ट्रॅकरची, म्हणजे डोक्याची हालचाल टिपणाऱ्या उपकरणाची, एक लहानशी क्लिप लावलेली दिसते. या क्लिपविषयी घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे साधारणपणे दोन प्रकारचे असते. ती मेंदूतल्या लहरी वाचते, असे काहींना वाटते. आणि मान वळवली की समोरचा मॉनिटरच नजरेआड जाईल, मग तिचा उपयोग काय, असे इतर काहीजण विचारतात. पहिली समजूत निखालस चुकीची आहे. दुसरी शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर पुढे येईलच.

उपयोग सांगायला फार जागा लागत नाही. खऱ्या कॉकपिटमध्ये वैमानिक सतत डावी-उजवीकडे, वर आणि खांद्यामागे पाहत असतो. मॉनिटरच्या चौकटीतून मात्र केवळ समोरचे दिसते. पूर्वी यासाठी जॉयस्टिकवरचा हॅट स्विच अंगठ्याने दाबून दृश्य फिरवावे लागे. हेड ट्रॅकर हे काम खेळणाऱ्याच्या मानेवर सोपवतो, त्यामुळे दोन्ही हात विमानासाठी, किंवा युरो ट्रक सिम्युलेटर २ सारख्या खेळात स्टिअरिंगसाठी, मोकळे राहतात.

क्लिपमध्ये मेंदूशी संबंधित असे काहीही नसते. तिच्या एका प्रकारात बॅटरीसुद्धा नसते, फक्त परावर्तक पट्टीचे तीन तुकडे असतात. रात्री ट्रकच्या मागच्या बाजूला चमकते तीच ही पट्टी; तिच्यावर पडलेला प्रकाश ती आला त्याच दिशेने परत पाठवते. मॉनिटरच्या डोक्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती अवरक्त प्रकाश देणारे एलईडी असतात. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश जाणवतो. भिंगापुढे दृश्य प्रकाश अडवणारी काच बसवली की खेळणारा, त्याची खोली, भिंतीवरचे कॅलेंडर असे सगळे नाहीसे होते आणि काळ्या पार्श्वभूमीवर फक्त तीन पांढरे ठिपके उरतात. दुसऱ्या प्रकारच्या क्लिपवर पट्टीऐवजी तीन एलईडीच असतात, तत्त्व तेच. अमेरिकेतल्या नॅचरलपॉइंट कंपनीच्या ट्रॅकआयआर ५ या प्रसिद्ध उपकरणाचा कॅमेरा अशी ६४० × ४८० पिक्सेलची चित्रे सेकंदाला १२० टिपतो. हौशी लोकांनी प्लेस्टेशन ३ चा कॅमेरा उघडून, त्यातला अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर काढून आणि त्याजागी जुन्या फोटो निगेटिव्हचा काळा तुकडा बसवून हेच काम कमी खर्चात साधले आहे.

आता प्रश्न असा की तीन ठिपक्यांच्या सपाट चित्रावरून डोके नेमके कुठे आहे आणि कोणीकडे वळले आहे, हे कसे कळते? अवकाशातल्या कोणत्याही घन वस्तूची स्थिती सांगायला सहा आकडे पुरतात: डावे-उजवे, वर-खाली आणि पुढे-मागे असे सरकण्याचे तीन, मान वळवणे, मान तुकवणे आणि मान खांद्याकडे कलती करणे असे फिरण्याचे तीन. (मेळ्यांतून आणि मॉलमधून ‘९डी’, ‘१२डी’ सिनेमाच्या पाट्या लावणाऱ्यांना बाकीचे आकडे कुठून मिळतात, हे त्यांनाच ठाऊक, खुर्ची कितीही हलवली तरी तिच्या वाट्याला सहाच येतात.) प्रत्येक ठिपका चित्रात आपली दोन निर्देशके देतो, म्हणजे तीन ठिपक्यांचे सहा आकडे मिळतात आणि हवे असलेलेही सहाच आहेत. हिशेब जुळतो, पण जेमतेम जुळतो, आणि खरी गंमत त्या जेमतेमपणातच आहे.

ट्रॅकआयआर ५ च्या कॅमेऱ्याला आडवे सुमारे ५२ अंश दिसतात. त्यावरून त्याचे नाभीय अंतर (भिंगापासून सेन्सरपर्यंतचे अंतर) पिक्सेलच्या मापात साधारण ६६० येते. दहावीच्या समरूप त्रिकोणांनुसार ठिपक्यांचे चित्रातले अंतर काढायचे तर ६६० ला प्रत्यक्ष अंतराने गुणायचे आणि कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने भागायचे. समजा, क्लिपवरचे दोन ठिपके परस्परांपासून ६० मिलिमीटरवर आहेत आणि खेळणारा ६०० मिलिमीटरवर बसला आहे. मग चित्रात ते ठिपके ६६ पिक्सेल अंतरावर दिसतील. डोके एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर दोन्ही ठिपके १.१ पिक्सेल सरकतात. हे सहज कळते. पण डोके दहा मिलिमीटर मागे गेले, तर भागाकारात ६०० ऐवजी ६१० येतात आणि ६६ पिक्सेलचे ६४.९ होतात. एक मिलिमीटर बाजूला सरकल्याने जेवढा बदल झाला, तेवढाच बदल होण्यासाठी दहा मिलिमीटर मागे जावे लागते. पुढे-मागेचे मापन दहापट आंधळे आहे.

मान वळवण्याची गोष्ट याहून बिकट आहे. ते दोनच ठिपके असतील आणि मान १० अंश वळली, तर त्यांच्यातले दिसणारे अंतर १० अंशांच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होते. कोसाइन शून्याजवळ अतिशय आळशी आहे. त्याची किंमत १ वरून केवळ ०.९८५ वर उतरते, त्यामुळे ६६ पिक्सेलचे ६५ होतात. म्हणजे मान १० अंश वळली काय किंवा डोके एक सेंटिमीटर मागे गेले काय, कॅमेऱ्याला जवळजवळ सारखेच दिसते. शिवाय उणे दहा अंशांचा कोसाइनही तोच असल्याने मान डावीकडे वळली की उजवीकडे, तेही कळत नाही.

यावरचा उपाय तिसऱ्या ठिपक्याच्या जागेत आहे, आणि मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट. तिसरा ठिपका पहिल्या दोघांच्या ओळीत न ठेवता सुमारे ६० मिलिमीटर मागे आणि थोडा वर ठेवतात. आता मान वळली की हा ठिपका इतर दोघांच्या मध्यबिंदूपासून साइनच्या प्रमाणात बाजूला सरकतो, आणि कोसाइन शून्याजवळ जितका आळशी, तितकाच साइन तिथे चपळ असतो. मान केवळ एक अंश वळली तरी ठिपका सुमारे एक पिक्सेल हलतो, दहा अंशांना सुमारे दहा पिक्सेल. साइनचे चिन्ह दिशेनुसार बदलत असल्यामुळे डावे-उजवेही लगेच कळते. ठिपका वर उचललेला असल्याने वरून कॅमेरा पाहत असतानाही तो टोपीआड जात नाही.

तीन बिंदूंच्या चित्रावरून स्थिती काढण्याचे हे गणित संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. जर्मन गणितज्ञ योहान ग्रुनर्ट यांनी ते १८४१ मध्ये सोडवले होते. समीकरण चौथ्या घाताचे निघते आणि त्याची चारपर्यंत उत्तरे येऊ शकतात, म्हणजे तेच तीन ठिपके डोक्याच्या चार निरनिराळ्या स्थितींतून दिसू शकतात. सॉफ्टवेअर त्यांतले आधीच्या चित्रातल्या स्थितीला सर्वांत जवळचे उत्तर निवडते, कारण १/१२० सेकंदात डोके फार दूर जाऊ शकत नाही. ठिपक्याची जागाही एका पिक्सेलपेक्षा बारकाईने काढता येते: ठिपका अनेक पिक्सेलवर पसरलेला असतो, त्या पिक्सेलांच्या तेजाची भारित सरासरी घेतली की त्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत कळतो.

आता मान वळवली की मॉनिटर नजरेआड जाईल, ही रास्त शंका. खेळणाऱ्याला मान ९० अंश वळवावीच लागत नाही. सॉफ्टवेअर मानेचा कोन वाढवून दृश्याला देते. मान २० अंश वळली की कॉकपिटमधली नजर १५० अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ शेपटीपर्यंत पोचते. हे प्रमाण सरळ रेषेत नसते. मधल्या दोन-तीन अंशांत ते मुद्दाम मंद ठेवतात, म्हणजे समोरचे मीटर वाचताना दृश्य डुलत नाही. मान उजवीकडे जात असताना डोळे मात्र मॉनिटरवर टिकवायचे, म्हणजे बुबुळे डावीकडे फिरवायची, आणि हे शिकवावे लागत नाही. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांकडून इशारा मिळताच डोळे मानेच्या उलट दिशेला फिरवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आपल्यात जन्मजात आहे आणि ती सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात सुरू होते.

या वाढीची किंमतही मोजावी लागते. प्रमाण आठपट असेल, तर मानेचा किंवा मापनाचा ०.१ अंशाचा थरथराट दृश्यात ०.८ अंशाचा होतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर ८० अंशांचे दृश्य असेल तर ते १९ पिक्सेल होतात आणि विमानाचे नाक सतत थरथरताना दिसते. सरासरी काढली तर थरथर जाते, पण उशीर येतो: १२ चित्रांची साधी सरासरी घेतल्यास दृश्य सुमारे ४६ मिलिसेकंद मागे पडते. २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘एक-युरो’ फिल्टरसारख्या पद्धती यातून शहाणपणाने वाट काढतात. मान स्थिर असताना त्या कडक गाळणी लावतात आणि मान वेगाने फिरताना ती सैल करतात, कारण वेगात थरथर दिसत नाही आणि स्थिरतेत उशीर जाणवत नाही.

खोलीचाही विचार करावा लागतो. सूर्यप्रकाशात अवरक्त भाग भरपूर असल्याने खेळणाऱ्याच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल, तर मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या दुपारी कॅमेऱ्याला ठिपके शोधणे अवघड होते. पिवळा तारेचा बल्बही त्रास देतो आणि मागच्या देवघरातली समई तर चौथा ठिपका म्हणूनच हजर होते. पांढऱ्या एलईडी दिव्यांतून मात्र अवरक्त प्रकाश फारसा निघत नाही, म्हणून ते चालतात.

ज्यांना हे उपकरण घ्यायचे नाही, त्यांच्यासाठी ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरच्या चेहऱ्यावरून, न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने, तेच सहा आकडे काढते. तिथे क्लिप नाही, पण डोळ्यांच्या पातळीपुढे आलेले नाक आहे आणि मान वळली की ते साइनच्याच प्रमाणात सरकते. बहुतेक वेबकॅम सेकंदाला ३० चित्रे देतात, आणि अंधूक खोलीत प्रत्येक चित्राला जास्त वेळ लागत असल्याने तीही कमी होतात. त्यामुळे प्रवासी विमान उडवायला किंवा ट्रक चालवायला ते पुरेसे आहे. हवाई लढाईत, जिथे शत्रूचे विमान दोन सेकंदांत उजव्या पंखावरून शेपटीमागे जाते, तिथे १२० चित्रांचा कॅमेरा आणि तीन ठिपके अजूनही सरस ठरतात.